बहिरोजीरावांचं आवतन

१

गाढवाच्या पिल्लाचं बारसं करायची टूम नेमकी कोणाच्या डोक्यातून निघाली, यावर बेंबळीत अजून वाद आहे. पण त्या बारशाला अर्धं गाव लोटलं होतं आणि घुगऱ्यांचं पातेलं पुन्हा चुलीवर चढवावं लागलं, याबद्दल मात्र वाद नाही.

पिल्लाची आई वीटभट्टीवरून आली होती. पाठीची सालटी निघालेली, पुढचे पाय बांधून बांधून सुजलेले. राजेश्वरीने तिला सोडवून निवाऱ्यात आणलं, तेव्हा ती जगते की नाही अशीच शंका होती. ती जगली, सावरली, आणि एका सकाळी सगळ्यांना चाट पाडून व्याली. गावाबाहेरच्या आपल्या तुकड्यावर पत्र्याचे गोठे घालून राजेश्वरी लंगडी कुत्री, टाकून दिलेल्या म्हशी आणि उसाच्या गाडीला जुंपून मोडलेले बैल सांभाळायची. तिच्या दारात रोज कोणाचं ना कोणाचं दुखणंच येई. एखाद दिवशी आनंद आला, तर त्याला पाळण्यात नको घालायला?

पिल्लू पाळण्यात मावेना, म्हणून बायकांनी रिकामा पाळणाच पिल्लावरून फिरवला. दोरी कमलबाईंच्या हातात होती. कमलबाई म्हणजे राजेश्वरीची आत्या, एसटीतून निवृत्त झालेली कंडक्टर. उभी नोकरी त्यांनी खचाखच गाडीत माणसं ओळखण्यात घालवली होती. तिकीट न काढलेला माणूस खिडकीबाहेर कसा बघतो, हे त्यांना पाठ होतं. निवृत्तीनंतर ही विद्या वाया चालली, याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं.

नाव ठेवायच्या आधी एक छोटीशी गोष्ट घडली. निवाऱ्यात मदतीला असलेली शिवलीला गोठ्याच्या कडेला उभी राहून फोनवर आईशी बोलत होती. ती उमरग्याकडची, कर्नाटकाच्या शिवेवरची. घरची भाषा कानडी. आईला ती बारशाला येण्याचा आग्रह करत असावी, कारण "बा, बा" असं हसत म्हणत होती. त्याच वेळी गोठ्यातला बहिरोजीराव सकाळपासूनची बैठक मोडून ताडकन उभा राहिला.

"घुगऱ्यांचा वास लागला बघा," राजेश्वरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

बहिरोजीराव हा कृष्णराज मुकादमाच्या तावडीतून सोडवलेला बैल. मुकादम ऊसतोडीच्या गाड्या चालवायचा आणि गाडीत बैलाच्या ताकदीपेक्षा आपल्या हावेइतका ऊस भरायचा. जुवाने बहिरोजीचा खांदा फुटला होता. त्या खांद्याला तो कोणाला बोट लावू देत नसे. हाक मारा, टाळ्या वाजवा, पत्रा बडवा, तो ढिम्म. म्हणून बहिरा समजून त्याला हे भारदस्त नाव मिळालं होतं.

पिल्लाचं नाव 'लाडू' ठेवलं. टाळ्या झाल्या, घुगऱ्या वाटल्या. आणि शिवलीलेची किंकाळी आली.

"ताई! बहिरोजीराव न्हाईत जाग्यावर!"

२

राजेश्वरी धावत गोठ्यापाशी आली आणि तिथंच मटकन खाली बसली.

बैल हरवल्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी गोष्ट उद्या सकाळची होती. कोर्टाच्या हुकमाने सरकारी जनावरांचे डॉक्टर मुकादमाकडून सोडवलेले सगळे बैल तपासायला येणार होते. बहिरोजीचा खांदा हाच मुकादमाविरुद्धचा मोठा पुरावा.

"आत्या, एक बैल जरी कमी दिसला तरी त्याचा वकील म्हणणार, बघा, ह्यांनी विकून खाल्ला," ती म्हणाली. "मंग सगळे बैल त्याच्याच दावणीला परत जातील. सगळे."

"रडायला दिवस पडलाय. आधी बघू दे मला," कमलबाई म्हणाल्या.

त्यांनी गोठ्याचं फाटक बघितलं. कडी बाहेरून नीट लावलेली. आत खुंट्याजवळ दावं गुंडाळून ठेवलेलं. बैलाच्या नाकातली जुनी वेसण कापून, तिचे तुकडे गव्हाणीच्या काठावर मांडलेले. खुंट्याला पिवळाधमक डाग. आणि खोल गव्हाणीत, कडब्याच्या आड, विड्याच्या पानावर ठेवलेला एक नारळ. तो दिसायला कमलबाईंना कमरेतून वाकावं लागलं. त्या काही बोलणार, तेवढ्यात कुंपणापलीकडून आरोळी आली.

"नारळाला हात लावू नगा! करणी हाय करणी! म्होरं सडकेकडं पळा, तिकडंच नेला आसंल बैल!"

आरोळी लिंबाजीची होती. लिंबाजी म्हणजे शेजारचा शेतकरी. निवाऱ्याची जनावरं आपलं कडवळ, म्हणजे ज्वारीचा हिरवा चारा, खातात, ही त्याची रोजची तक्रार. ती केल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. 'करणी' ऐकताच बायकांनी पदर सावरले आणि बघता बघता अंगण मोकळं झालं. घुगऱ्यांचं पातेलंही मोकळं झालं होतं, ते वेगळं.

कमलबाई मात्र हलल्या नाहीत. त्यांनी खुंट्यावरचा पिवळा डाग बोटाने पुसून बघितला.

"खंडोबाचा भंडारा हाय का आत्या?" शिवलीलेने भीत भीत विचारलं.

"भंडारा कोरडा आसतो. फुंकला की उडतो." कमलबाईंनी बोट तिच्यापुढे धरलं. ते चकाकत होतं. "हे बघ, ओशाट लागतंय. आन् खुंट्याला मुंग्या लागल्यात. हळदीत लोणी हाय."

"पण लोणी-हळद घिऊन कोण चोरी करतंय?"

उत्तर द्यायच्या आधी दारात मोटरसायकल थांबली. खाली उतरला तो कृष्णराज मुकादम, आणि तो हसत होता.

३

"ऐकलं ते खरं हाय का, राजेश्वरीताई? बैल गेला म्हणं!"

"तुमाला कुणी सांगितलं?" राजेश्वरी उसळून उठली.

"करणीची बातमी हाय. माझ्या आधी गावात पोचली." मुकादमाने मिशीवर हात फिरवला. "उद्या डाक्टर येणार. कसं व्हायचं तुमचं?"

आपल्या हातून काही वाईट घडण्याआधी राजेश्वरी आत निघून गेली. कमलबाईंनी मात्र मुकादमाला खुर्ची दिली, पाणी दिलं. फुकट्या प्रवाशाशी गोड बोललं की तो आपणच कुठं चढला ते सांगून मोकळा होतो, असा त्यांचा अनुभव होता.

"मुकादम, बैल तुमी घेतला तवा कसा वो होता?"

"खांदा फुटलेलाच होता की. पयल्या मालकाचं पाप, आन् केस माझ्यावर! कोर्टात हेच सांगणार हाय म्या."

"आन् बहिरा? तवापासूनच?"

"बहिरा न्हवं, बेरकी! हो म्हणलं तर थांबंना, चल म्हणलं तर हलंना. म्हणून तर आर टोचावी..."

मुकादमाची जीभ थांबली, पण वाक्य निघून गेलं होतं. काठीच्या टोकाचा तो खिळा त्याने आपल्याच तोंडाने कबूल केला. ते झाकायला तो मोठ्याने खोकला.

त्या खोकल्याने गोठ्यातले बाकीचे बैल एकदम मागं सरले आणि पत्र्याला पाठी लावून उभे राहिले. एकाने तर थरथरून हंबरडा फोडला. मुकादम निघून गेल्यावरही त्यांची कातडी हलत होती.

राजेश्वरी बाहेर आली. "आत्या, ह्यानंच नेला. पोलिसात जाऊ."

"न्हाय गं. बारशाला इथं माणसं आसताना ह्यो आला आसता, तर बैलांनी पत्रं वाजवून गाव गोळा केलं आसतं. आन् वेसण कापलीय, दावं इथंच हाय. म्हंजी बैलाला धरून, ओढून कुणी नेलंच न्हाय. त्यो आपल्या पायानं, कुणाच्या तरी मागं गेलाय."

"बहिरोजी? त्याला उठवायला आमाला सगळ्यांना ढकलावं लागतंय!"

"तीच तर गंमत हाय," कमलबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे कुंपणापलीकडे लागले होते. "चल, जरा लिंबाजीकडं जाऊन येऊ."

४

कुंपणाच्या एका अंगाला सडक होती. बारशाला येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांनी ती गजबजलेली. तिथून बैल जाता तर शंभर तोंडांनी बातमी आली असती. दुसऱ्या अंगाला लिंबाजीचं शेत. कुंपणाला एक खिंडार, आणि खिंडारापासून लिंबाजीच्या हिरव्यागार कडवळातून गेलेली ताजी खुरं. ताटं आडवी पडली होती.

लिंबाजी बांधावर बसून तंबाखू मळत होता.

"लिंबाजीभाऊ, बारशाला घुगऱ्या घेतल्या न्हाईत तुमी," कमलबाईंनी सुरुवात केली.

"पोट बरं न्हवतं."

"कडवळ लई आडवं झालंय वो तुमचं."

"होतंय की. वारं सुटलं होतं."

आता ज्या माणसाने मागच्या महिन्यात कोंबडी शिरली म्हणून सरपंचाला बोलावून आणलं होतं, त्याने खुरांनी तुडवलेल्या पिकाचा आळ वाऱ्यावर घातला. राजेश्वरी तोंड उघडून बघतच राहिली. कमलबाईंना मात्र खिडकीबाहेर बघणारा प्रवासी दिसत होता. लिंबाजी तंबाखूकडे बघत होता, शेताकडे बघत होता, फक्त त्यांच्या डोळ्यांकडे बघत नव्हता.

त्यांनी त्याला तिथंच सोडलं. परत येताना राजेश्वरी कुजबुजली, "ह्याच्याकडंच हाय बैल! पण ह्याला कशाला पाहिजे? जनावर दारात आलेलं चालत न्हाय त्याला."

"त्यानं लपवलाय, नेला न्हाय. नेणारा येगळाच हाय. त्योच सापडंना झालाय." कमलबाई वैतागल्या होत्या. "हळद-लोणी मी ओळखलंय. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा मळून त्याला सणाच्या जेवणाचं आवतन देतात, त्याची हाय ती. आपणबी मळतो. पण आता जेठ चाललाय! पोळा श्रावणात. दोन महिने आधी खांदा मळणारा येडा कोण?"

गोठ्याच्या पायरीवर शिवलीला रडत बसली होती.

"माझीच चूक हाय, ताई," ती हुंदका देत म्हणाली. "म्या बहिरोजीरावाचा व्हिडिओ टाकला होता."

५

व्हिडिओ साधाच होता. बहिरोजीराव रवंथ करतोय, आणि शिवलीला त्याच्या खांद्याची कथा सांगतेय. तो तिच्या आईने गावात दाखवला, तिथून तो कुठं कुठं गेला, आणि बघून कोणी चोर आला असेल, या विचाराने बिचारी अर्धी झाली होती.

"रडू नगं. कुठल्या भाषेत बोललीस त्यात?"

"आईसाठी केला होता, म्हणून कानडीत."

कमलबाई पायरीवरच बसल्या. आणि एकदम स्वतःच्या कपाळावर हात मारून हसायला लागल्या.

"आत्या, काय झालं?"

"म्या उमरग्याच्या गाडीवर इतकी वर्षं काढली, आन् इसरले! जेठाच्या पुनवेच्या आधी त्या गाडीत पाय ठेवायला जागा नसायची. लोकांच्या हातात बैलाचे गोंडे, शिंगाचे रंग, घुंगरमाळा. म्या पयल्यांदा विचारलं, आवो, पोळा तर लांब हाय. तर म्हणाले, आमची कारहुणवी हाय बाई, आमच्या बैलांचा सण आत्ताच असतो. शिवलीला, पुनव कवा हाय गं?"

शिवलीलेने डोळे पुसले. "उद्या. उद्याच कारहुणवी हाय आमची."

"झालं तर मग! आपण बेंबळीची माणसं. आपल्याला पोळा तेवढा ठावं, म्हणून नारळ बघून करणी सुचली. खांदा मळणारा शिवेवरचा हाय. आन् बारशातली गोष्ट आठव. तू फोनवर आईला 'बा, बा' म्हणलीस. कानडीत त्याचा अर्थ 'ये'. आन् बहिरोजीराव उठून उभा राह्यला. आपण घुगऱ्यांचं नाव घेतलं."

राजेश्वरीच्या डोळ्यांत हळूहळू उजेड पडला. "म्हंजी त्यो बहिरा न्हाय?"

"त्याला मराठी येत न्हाय!" कमलबाई म्हणाल्या. "मुकादमानं मराठीत सांगितलं, त्याला कळलं न्हाय, म्हणून मार खाल्ला. आपण मराठीत लाड केले, तेबी कळले न्हाईत. त्याला वाढवणारा माणूस कानडी बोलणारा हाय, आन् त्योच सणाचं आवतन द्यायला आला होता. फुटक्या खांद्याला त्याचाच हात चालला आसंल. नारळ-पान करणीचं न्हवं. मालकानं मागितलेली परवानगी हाय ती."

"आन् लिंबाजीभाऊ?"

"नारळ कडब्याच्या आड होता. वाकल्याशिवाय मलाबी दिसला न्हाय. मंग कुंपणाबाहेरून लिंबाजीला कसा दिसला?" कमलबाई उठल्या आणि त्यांनी पदर खोचला. "नारळ ठेवणाऱ्यानंच त्याला सांगितला. चला, तिकीट तपासायची येळ झाली."

६

लिंबाजीच्या विहिरीमागं कडब्याची गंज होती. गंजीमागून पाण्याचा आवाज येत होता, आणि कोणीतरी गुणगुणत होतं.

शिवलीला पुढं झाली. "बा, बा," तिने हळूच हाक दिली.

गंजीआडून आधी दोन शिंगं आली, मग न्हाऊन लख्ख झालेला बहिरोजीराव आला, आणि त्याच्या मानेवर हात ठेवून एक काटकुळे म्हातारे आले. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, हातात बैल घासायचा ओला बोळा. फुटक्या खांद्यावर हळद-लोण्याचा जाड लेप होता, आणि बैल डोळे मिटून मान त्यांच्या छातीला घासत होता. इतक्या दिवसांत त्याला असा सैल उभा राहिलेला कोणी बघितलं नव्हतं. 

मागून लिंबाजी धापा टाकत पोचला. "त्यांना काय बोलू नगा! म्याच लपवलं त्यांना. काय करायचं ते माझं करा!"

"चोरी न्हाय री बाई," म्हातारे हात जोडून कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले. "ईरण्णा म्हणतात मला. उद्याचा सण झाला की आणून सोडणार होतो. नारळ ठेवलाय की री तिथं."

त्यांची हकीकत छोटी होती. होन्ना त्यांच्या हातावर वाढलेला. बहिरोजीरावाचं खरं नाव होन्ना. मोतीबिंदू काढायला ते सोलापूरला गेले, तेवढ्यात मुलाने बैल बाजारात उभा केला.

"डोळ्याची पट्टी काढली, सगळं झकास दिसाया लागलं. घरी आलो, तर गोठाच रिकामा." ईरण्णांनी बैलाच्या कानामागं खाजवलं. "मग ह्या पोरीचा व्हिडिओ बघितला. आमच्याकडं सणाला बैलाला आवतन न्हाय दिलं, तर घरात कुणी जेवत न्हाय. हा तर माझा असून परक्या ठिकाणी. कोर्टाचा बैल म्हणे. मागितला तर देणार न्हाईत वाटलं. बांधावर बसून रडत होतो, तर ह्या पावण्यांनी पाणी दिलं."

सगळ्यांनी लिंबाजीकडे बघितलं. जनावरांचा एवढा मोठा वैरी मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

"लोणी कुणाचं?" कमलबाईंनी दरडावून विचारलं.

"माझ्याच घरचं," लिंबाजी पुटपुटला. "ताजं होतं."

राजेश्वरी खळखळून हसली. तेवढ्यात ईरण्णांनी बंडीच्या खिशातून मेणकागदात गुंडाळलेला फोटो काढला, आणि कमलबाईंनी तो जवळजवळ हिसकावूनच घेतला. मागच्या कारहुणवीचा फोटो होता. रंगवलेली शिंगं, गोंडे, शेजारी फेटा बांधलेले ईरण्णा. आणि होन्नाचा खांदा गुळगुळीत, नितळ, एक ओरखडा नसलेला.

"मुकादम कोर्टात काय सांगणार म्हणला होता?" कमलबाईंनी विचारलं.

"खांदा घेतला तवाच फुटलेला होता," राजेश्वरी म्हणाली, आणि तिने आनंदाने ईरण्णांचे पायच धरले.

७

सकाळी सरकारी डॉक्टर आले. मागोमाग मुकादमही आला, नवा शर्ट घालून. गोठ्यात सगळे बैल हजर बघून त्याचा चेहरा उतरला.

"ह्याचा खांदा जुनाच हाय, सायेब," त्याने तरी रेटून सांगितलं.

ईरण्णांनी फोटो पुढं केला आणि सगळी हकीकत सांगितली. डॉक्टरांनी जखम बघायला हात नेला, तसा होन्ना बिथरला. "निल्लु, होन्ना," ईरण्णा म्हणाले, आणि बैल जागच्या जागी उभा राहिला. ईरण्णांनी स्वतःच्या हाताने लेप पुसून खांदा दाखवला. आरेच्या जुन्या टोचण्याही मोजून झाल्या. मुकादम मोठ्याने खोकला. बैल मागं सरले. आणि डॉक्टरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे जे बघितलं, त्यानंतर तो खोकला नाही. कोर्टाचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. पण तोवर बैल निवाऱ्यातून हलणार नाहीत, असं डॉक्टर आपल्या अहवालात कळवणार होते. राजेश्वरीने हे ऐकून लाडूला उचलायचा प्रयत्न केला आणि दोघं मिळून कडब्यात पडली.

मग बेंबळीत कधी न झालेली कारहुणवी झाली. शिवलीलेने शिंगं रंगवली. करणीला घाबरून पळालेल्या बायका पुरणाची ताटं घेऊन परत आल्या. लिंबाजीने कडवळाचे भारे स्वतः आणून टाकले आणि बैल खाताना कोणी बघत नाही ना, हे बघत उभा राहिला. गाढविणीच्या गळ्यातही गोंडा आला. शिंगं नव्हती म्हणून तिचे कान रंगवायचं घाटत होतं, ते राजेश्वरीने मोडून काढलं.

सगळ्यांची जेवणं झाल्यावर ईरण्णांनी पिशवी उचलली. होन्नाच्या कपाळाला कपाळ लावून ते काही बोलले आणि पाठ फिरवून निघाले.

"कुठं निघालात?" कमलबाईंनी विचारलं.

"गाडीची वेळ झाली की री."

"घरी वाट बघणारं कुणी हाय?"

ईरण्णा हसले आणि पिशवीचा बंद पुन्हा आवळायला लागले. मुलाने बैलाबरोबर म्हाताऱ्याचाही हिशोब मिटवला होता, हे कमलबाईंना न सांगताच कळलं. त्या फाटकात आडव्या झाल्या, पूर्वी गाडीच्या दारात व्हायच्या तशाच.

"गाडी भरलीय. जागा न्हाय," त्या म्हणाल्या. "आन् होन्नाला इथं मराठी कोण शिकवणार?"

 मग लिंबाजी पुढं आला. त्याच्या हातात कालची वाटी होती, तळाशी उरलेल्या हळद-लोण्याची. त्याने दोन बोटं बुडवली, म्हाताऱ्याच्या खांद्यावरचं उपरणं बाजूला सारलं आणि बेंबळीत पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा मळतात तसा त्यांचा खांदा मळला.

"श्रावणात आमचा पोळा हाय, ईरण्णा," तो म्हणाला. "आज आवतन घ्या, पोळ्याला जेवाया या. तवर कुठं जायाचं न्हाय."

ईरण्णांनी पिशवी खाली ठेवली. गोठ्यातून होन्ना हंबरला, आणि म्हातारे कानडीत त्याला काहीतरी ओरडून सांगत आत पळाले. काय म्हणाले, ते शिवलीलेने सगळ्यांना सांगितलं.

"'येतो, येतो,' म्हणतायत. 'आवतन मिळालंय मला.'"